शेळी उलटते तेव्हा : वार लागण्याआधी पिशवी गर्भाला काय पुरवते?

माळावरची डॉक्टर

'उस्मानाबादी शेळ्या वारंवार उलटतात' हा इथला धागा वाचला. उलटणं म्हणजे बोकड लागूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणं. बोकड, गोचीड, चाटण वीट, अमावस्या, सगळं येऊन गेलं. पण ज्या जागी हा सगळा प्रकार घडतो त्या गर्भाशयाबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. तिथेच उत्तर लिहायला घेतलं तर ते लांबतच चाललं, म्हणून वेगळा धागा. मी पशुवैद्यक आहे, पदव्युत्तर शिक्षण पशुप्रजननात झालं, आणि हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. कंटाळा आला तर सांगा.

शेळी साधारण १५० दिवस गाभण असते हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातले पहिले अडीच-तीन आठवडे गर्भ आईला चिकटलेलाच नसतो. फलन होतं बीजवाहिनीत. चौथ्या-पाचव्या दिवशी मूठभर पेशींचा तो गोळा गर्भाशयात उतरतो. आठवडा उलटला की भोवतीचं कवच फोडून बाहेर येतो आणि त्यानंतर जे करतो ते माणसाचा गर्भ कधीच करत नाही. तो लांबायला लागतो. मेंढीत बाराव्या दिवसाच्या आसपास तो काही मिलिमीटरांचा असतो, चौदाव्या दिवशी सुमारे १० सेंटिमीटर, आणि आणखी दोन-तीन दिवसांत वीतभराहून मोठा दोरा. शेळीत हेच एक-दोन दिवस उशिरा होतं. या सगळ्या काळात नाळ नाही, वार (प्लॅसेंटा) नाही, आईच्या रक्ताशी कसलाही थेट संबंध नाही.

इतकी वाढ करायला तो खातो काय?

गर्भाशयाच्या अस्तरात बारीक, वळणावळणाच्या असंख्य ग्रंथी असतात. त्या पोकळीत स्राव सोडतात. त्यात ग्लुकोज, अमिनो आम्लं, मेद असतातच, पण खरा ऐवज म्हणजे प्रथिनं. काही निव्वळ पोषणाची. काही वाहतुकीची, उदाहरणार्थ अ जीवनसत्त्व धरून नेणारं रेटिनॉल-बंधक प्रथिन, जे शेळीच्या गर्भाशयात आणि गर्भावरणात दोन्हीकडे सापडलं आहे. ऑस्टिओपाँटिन नावाचं प्रथिन गर्भाच्या बाहेरच्या थराला अस्तराशी जोडायला मदत करतं. आणि 'युटेराइन सर्पिन' कुळातली प्रथिनं आईच्या लसीकापेशींची, म्हणजे परक्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, वाढ रोखतात. गर्भ निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीच्या लेखी परकाच, हे लक्षात घेतलं की त्यांचं महत्त्व कळतं. गंमत म्हणजे सर्पिन कुळाचा पिढीजात धंदा प्रथिनं कापणाऱ्या विकरांना अडवण्याचा, पण गर्भाशयातल्या या शाखेला तो फारसा जमत नाही. तिनं दुसराच उद्योग धरला आहे. गाभणपण पुढे सरकतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं, नंतरच्या महिन्यांत तर फारच.

या स्रावावर हुकूम चालतो प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे गाभणपण टिकवणाऱ्या संप्रेरकाचा. ते येतं बीजांडावरच्या (म्हणजे अंडाशयावरच्या) पीतपिंडातून, बीज सुटल्यावर तिथे बनणाऱ्या पिवळसर गाठीतून.

हा स्राव नसेल तर काय होतं ते टेक्सासमधल्या संशोधकांनी मेंढ्यांत दाखवलं, २००० सालाच्या आगेमागे. स्पेन्सर, ग्रे, बेझर ही त्यातली नावं. मेंढीच्या ग्रंथी जन्मानंतरच्या काही आठवड्यांत तयार होतात. त्याच काळात कोकरांना प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक सतत देत राहिलं तर ग्रंथी बनतच नाहीत. अशा मेंढ्या मोठ्या झाल्या, त्यांची बीजांडं ठीक, माज ठीक, नराकडे गेल्या, पण गाभण राहिल्या नाहीत. मग दुसऱ्या मेंढ्यांचे चांगले, सात दिवसांचे गर्भ त्यांच्यात सोडून पाहिले. तेही टिकले नाहीत. नवव्या दिवशी पाहिलं तर गर्भ ठाकठीक असायचा, चौदाव्या दिवशी मात्र एक तर नाहीच, किंवा खुरटलेला. म्हणजे कवच फोडण्यापर्यंत तो स्वतःच्या बळावर येतो, लांबायला मात्र ग्रंथी लागतातच.

म्हणून 'शेळी उलटली' की लगेच बोकड बदलायला निघण्याआधी या दोन-तीन आठवड्यांचा विचार करा, एवढंच माझं म्हणणं. पुढचं प्रश्न येतील तसं लिहीन.

बार्शीकडचा

मॅडम, लई भारी लिहिलंय. आजवर आम्ही समजत हुतो की बोकड लागला की काम झालं, पुढं पिशवी आपोआप धरती. आता माझा प्रश्न. माझ्याकडच्या काही शेळ्या बरोब्बर २०-२१ दिवसांनी माजावर येत्यात. त्या उलटल्या हे कळतं. पण दोन शेळ्या अशा, की महिना होत आला तवा उलटल्या. मधे माज दिसला न्हाई, आम्ही गाभण धरून चाललो. ह्यो काय प्रकार?

माळावरची डॉक्टर

दादा, फार मोलाचं निरीक्षण आहे. बहुतेक जण माजाची तारीख लिहीतच नाहीत.

शेळीचं माजचक्र सरासरी २१ दिवसांचं. गर्भ नसला तर साधारण पंधराव्या-सोळाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाचं अस्तर ऑक्सिटोसिन हे संप्रेरक ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) तयार करतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं संप्रेरकासारखं रसायन सुटतं, ते गर्भाशयाच्या शिरेतून शेजारच्या बीजांडाच्या धमनीत झिरपतं आणि पीतपिंड विरघळवतं. प्रोजेस्टेरॉन पडलं, शेळी पुन्हा माजावर.

गर्भ असला तर त्याला या सगळ्याच्या आधी 'मी इथे आहे' असं सांगावं लागतं. तो ते प्रथिनातूनच सांगतो. लांबलेल्या गर्भाच्या बाहेरच्या पेशी इंटरफेरॉन टाऊ सोडतात. त्यामुळे अस्तर ऑक्सिटोसिनचे ग्राहक बनवत नाही आणि पीतपिंड वाचतं.

शेळीवर याचा थेट प्रयोग झालेला आहे, १९८९ साली गॉडकिन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला. वेगवेगळ्या दिवशी गर्भाशयातून गर्भ काढून घेतले आणि शेळी पुन्हा कधी माजावर येते ते पाहिलं. तेराव्या किंवा पंधराव्या दिवशी काढले तर चक्र नेहमीसारखंच. सतराव्या दिवशी काढले तर चक्र लांबलं. म्हणजे निरोप पोचतो तो पंधरा ते सतरा या दिवसांत.

आता तुमच्या शेळ्या. २०-२१ दिवसांनी उलटलेलीत तीन शक्यता : फलनच झालं नाही, किंवा गर्भ निरोप देण्याआधी मेला, किंवा इतका खुरटा राहिला की त्याचा निरोप अपुरा पडला. या तिन्ही गोष्टी बाहेरून वेगळ्या ओळखता येत नाहीत. महिना होत आल्यावर उलटलेलीत मात्र बहुधा गर्भ होता, त्यानं निरोपही दिला, आणि त्यानंतर तो गेला. तिथे बोकडाचा दोष असण्याची शक्यता खूपच कमी. अर्थात मधला माज नजरेतून सुटला नाही ना, हे आधी पाहायचं. रात्री येऊन गेलेला माज कुणाला दिसत नाही.

कुंपणावरचा

लेख आवडला, पण एक खटकलं. ग्रंथी नसलेल्या मेंढ्या, मेंढीचा गर्भ इतके सेंटिमीटर, मेंढीचं अमुक. धागा शेळीचा आहे. गुणसूत्रंसुद्धा वेगळी, शेळीत ६० आणि मेंढीत ५४. मेंढीवरचं शेळीवर किती चिकटवायचं?

माळावरची डॉक्टर

रास्त आक्षेप. ग्रंथी नाहीशा करण्याचा प्रयोग मेंढीतलाच आहे आणि मी तो तसाच सांगितला. तरी शेळीचं स्वतःचंही बरंच माहीत आहे.

फरक आधी. निरोपाची वेळ मेंढीत बारा-तेरा दिवस, शेळीत दोन-तीन दिवस पुढे, कारण शेळीचं चक्र मेंढीच्या १७ दिवसांपेक्षा लांब. दुसरा फरक फार मोठा : मेंढीत साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनंतर वार स्वतः पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवते आणि पीतपिंड नसलं तरी गाभणपण टिकतं. शेळीला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पीतपिंड लागतं. या एका गोष्टीमुळे शेळीत किती घोळ होतात त्यावर वेगळं लिहिता येईल.

तिसरा बारीक, पण मला आवडणारा. गर्भाचं हे निरोपाचं प्रथिन, इंटरफेरॉन टाऊ, मेंढीत साखरेच्या साखळीशिवाय असतं, गायीत साखळीसह. शेळीचे गर्भ दोन्ही प्रकारचं सोडतात, हे १९९० साली दाखवलं गेलं. म्हणजे तुमची शेळी इथे चक्क गाय आणि मेंढी यांच्या मधोमध उभी आहे.

अवांतरप्रेमी

एक बाळबोध शंका. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूंविरुद्ध लढणारं ना? ते गर्भ कशाला सोडेल?

माळावरची डॉक्टर

बाळबोध कसली, संशोधकही चक्रावले होते. इंटरफेरॉन सापडलं १९५७ साली, आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना, विषाणूंच्या अभ्यासात. इकडे प्रजननवाले मेंढीच्या गर्भातून निघणाऱ्या एका प्रथिनाचा पाठलाग करत होते. फ्रान्समधल्या गटानं त्याला ट्रोफोब्लास्टिन म्हटलं होतं, अमेरिकेतल्या गटाचं नाव वेगळं. १९८७ मध्ये त्याची जनुकीय रचना 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आली आणि कळलं की हे तर इंटरफेरॉन कुळातलं. विषाणूचा संसर्ग नसताना, ठरलेल्या दिवसांत, फक्त रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या गर्भावरणातून निघणारं. ते विषाणूंविरुद्धही काम करतं, पण त्याची नेमणूक इथे भलत्याच कामावर झाली आहे.

असाच आणखी एक किस्सा शेळीवाल्यांसाठी. हिमोंकस हा रक्त पिणारा जंत सगळ्यांना माहीत आहे, पावसाळ्यात जबड्याखाली पाणी उतरतं तो. हा जंत झालेल्या मेंढ्यांच्या जठरात एक गॅलेक्टिन प्रथिन वाढलेलं सापडलं होतं. पुढे तेच प्रथिन गर्भाशयाच्या अस्तरात, गर्भ चिकटण्याच्या दिवसांत, स्रवताना सापडलं. मेंढी आणि शेळी दोघींत आहे, गायीच्या अस्तरात नाही.

प्रसूतीकक्ष

मी माणसांची डॉक्टर, स्त्रीरोग. इथे डोकावले आणि अडकले. आमच्याकडेही वर्षानुवर्षं असं शिकवायचे की गर्भ रुजला की आईचं रक्त लगेच वारेत खेळायला लागतं. २००२ मध्ये बर्टन आणि झोनियो यांच्या गटानं दाखवलं की पहिले जवळपास तीन महिने गर्भाशयाच्या ग्रंथीच मानवी गर्भाला स्राव पुरवत असतात. आईच्या रक्ताचा पूर्ण प्रवाह वारेत सुरू होतो तो दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास. तेव्हा शेळीचं हे प्रकरण अगदीच परकं नाही.

फरक असा, की आमचा गर्भ एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतो आणि ते रक्तातून थेट बीजांडापर्यंत जातं. म्हणून लघवीत पट्टी बुडवून कळतं. शेळीचा गर्भ गर्भाशयालाच गप्प करतो. त्यामुळे तशी पट्टी शेळीसाठी नाही, बरोबर ना?

माळावरची डॉक्टर

बरोबर. बाजारातली माणसांची पट्टी शेळीच्या लघवीत बुडवून काहीही कळत नाही. लोक करतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

शेळीत वारेच्या दोन केंद्रकांच्या पेशी 'पीएजी' नावाची प्रथिनं आईच्या रक्तात सोडतात. ती साधारण चार आठवड्यांपासून रक्तात, आणि थोडं पुढे दुधातही, तपासता येतात. सोनोग्राफी करायची तर पोटावरून तिसाव्या दिवसानंतर. त्याआधी, एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन पाहिलं आणि ते कमी निघालं तर शेळी गाभण नाही हे खात्रीनं सांगता येतं. जास्त निघालं तर मात्र 'गाभण आहे' असं खात्रीनं म्हणता येत नाही.

वायकाटोतली वहिनी

का म्हणता येत नाही ते मी सांगते. आम्ही न्यूझीलंडमध्ये, वायकाटो भागात, दुधाच्या शेळ्यांच्या फार्मवर काम करतो. जास्त करून सानेन जातीच्या. इथे 'खोट्या गाभण' शेळ्या हा नेहमीचा विषय. पीतपिंड टिकून राहतं, गर्भ नसतोच, गर्भाशयात नुसतं पाणी साठत जातं. पोट दिसतं, माज येत नाही, प्रोजेस्टेरॉन वर. आणि एक दिवस सगळं पाणी बाहेर, शेपूट आणि मागचे पाय भिजलेले, करडू नाही. इथले लोक त्याला ढगफुटी म्हणतात. म्हणून स्कॅन केल्याशिवाय कुणी 'गाभण' म्हणत नाही. स्कॅनवर काळं पाणी दिसतं, पण वारेच्या गाठी दिसत नाहीत.

डॉक्टर, हे पाणी म्हणजे तुम्ही म्हणता तो ग्रंथींचा स्रावच का?

माळावरची डॉक्टर

वहिनी, अगदी जागेवर बोट ठेवलंत. पीतपिंड टिकलेलं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा हुकूम चालूच, त्याखाली अस्तर स्रवत राहतं आणि गर्भाशयाचं तोंड बंद, त्यामुळे ते साठतं. फक्त पोटातलं पाणी म्हणून सोडून देऊ नये. पशुवैद्यकाकडून प्रोस्टाग्लँडिन दिलं की पीतपिंड जातं, पाणी निघून जातं आणि बऱ्याच शेळ्या पुढे व्यवस्थित गाभण राहतात. पीएजीची तपासणी या शेळ्यांत नकारात्मक येते, कारण वारच नाही.

तापीकाठचा अण्णा

एवढं वाचून झालं, आता कामाचं बोला. आमच्याकडे एक जण गर्भाशयाचं टॉनिक विकतो. बाटलीवर शेळीचं चित्र, 'गर्भधारणेची हमी'. लावणीनंतर, म्हणजे बोकड लागल्यावर, रोज तीस मिली पाजायचं. त्यात प्रोटीन आहे म्हणे. म्हणजे तुमचा हा स्राव वाढेल का?

माळावरची डॉक्टर

अण्णा, तोंडावाटे पाजलेलं प्रथिन आधी पोटाच्या पहिल्या कप्प्यात जातं, तिथले जंतू ते बहुतांश मोडून टाकतात. उरलेलं पुढे पचून अमिनो आम्लं होतं. गर्भाशयाच्या ग्रंथीपर्यंत बाटलीतलं प्रथिन जसंच्या तसं पोचण्याचा काही मार्ग नाही. ग्रंथी आपली प्रथिनं स्वतः बनवतात, संप्रेरकांच्या सांगण्यावरून. बाटलीतून खनिजं मिळत असतील आणि शेळीत त्यांची कमतरता असेल तर तेवढा उपयोग होईल, पण त्याला खनिज मिश्रण पुरतं. हमी देणाऱ्याकडून लेखी घ्या, मग बघा किती दिवस येतो गावात.

तापीकाठचा अण्णा

लेखी म्हटल्यावर फोन उचलणार नाही तो. 😀

बार्शीकडचा

मग प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन? आमच्याकडं एक जण लावणी झाली की लगेच देतो. हुकूम त्याचाच म्हणता, तर जादा हुकूम दिला तर?

माळावरची डॉक्टर

हा प्रश्न टॉनिकपेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि उत्तर सरळ नाही.

मेंढ्यांत फलनानंतर दुसऱ्या दिवसापासूनच प्रोजेस्टेरॉन दिलं तर गर्भ लवकर लांबतो, हे प्रयोगात दिसलं आहे. स्राव लवकर सुरू होतो, गर्भ त्याप्रमाणे पळतो. पण त्याच संप्रेरकामुळे अस्तराचं घड्याळही पुढे सरकतं, प्रोस्टाग्लँडिन सुटण्याची वेळ अलीकडे येते. गर्भ तितका पुढे गेला नसला तर त्याचा निरोप पोचण्याआधीच पीतपिंड जाऊ शकतं. म्हणजे चुकीच्या दिवशी दिलेलं औषध शेळीला उलटवूही शकतं. गर्भ प्रत्यारोपणवाले याला फार जपतात. मेंढीत दाता आणि पालक माद्यांच्या माजात दोन दिवसांहून जास्त फरक पडला की गर्भ टिकण्याचं प्रमाण घसरतं, कारण स्राव रोज बदलतो आणि सहाव्या दिवसाच्या गर्भाला नवव्या दिवसाचा स्राव सोसत नाही.

तेव्हा सरसकट इंजेक्शन नको. एखाद्या शेळीचं प्रोजेस्टेरॉन खरंच कमी आहे असं तपासणीत दिसलं तर तुमचे डॉक्टर ठरवतील.

वऱ्हाडातला

आमच्या इकडचं सांगतो. एकानं माज येत नाही म्हणून बकरीले इंजेक्शन देल्लं, माजावर आणाचं. बकरी आधीच दोन-अडीच महिन्याची गाभण होती, कोणाले मालूम नव्हतं. तीन-चार दिवसांत गाभडली. दोन पिल्लं होती. त्यानं म्हटलं औषध खराब होतं. औषध काहून खराब असंन?

माळावरची डॉक्टर

औषध चोख काम करून गेलं, हेच तर दुःख. माजावर आणायचं ते इंजेक्शन बहुतेक वेळा प्रोस्टाग्लँडिनचं असतं. ते पीतपिंड विरघळवतं. वर म्हटलं तसं शेळीचं गाभणपण पाचही महिने पीतपिंडावरच टिकून असतं, म्हणून कुठल्याही महिन्यात दिलं तरी ती गाभडते. आधी तपासणी करून गाभण नाही याची खात्री, मगच सुई. माझ्याकडे कुणी 'फक्त सुई द्या, तपासायला वेळ नाही' म्हणत आला तर मी परत पाठवते, मग तो गावभर नाव घेत फिरला तरी चालेल. शिवाय गरोदर बाईमाणसानं हे औषध हाताळू नये, त्वचेतूनही शरीरात जातं. दम्याच्या रुग्णांनीसुद्धा नको.

प्रयोगशाळेतला उंदीर

जीवरसायनवाला आहे, शेळीशी संबंध मटणापुरता. पोकळीतल्या इतक्या थोड्या स्रावातली प्रथिनं मोजतात कशी? आणि ती ग्रंथीनेच बनवली, रक्तातून झिरपली नाहीत, हे कसं ठरवतात?

माळावरची डॉक्टर

वा, याचीच वाट बघत होते.

सोपी पद्धत म्हणजे गर्भाशय सलाइननं धुऊन घ्यायचं आणि ते पाणी तपासायचं. अडचण तुम्ही म्हणता तीच : त्यात रक्तातलं अल्ब्युमिन इतकं असतं की बाकी सगळं झाकलं जातं. म्हणून ऐंशीच्या दशकात दुसरा मार्ग रुळला. अस्तराचे बारीक तुकडे पोषक द्रावात जिवंत ठेवायचे आणि द्रावात किरणोत्सारी ल्युसिन किंवा मिथिओनिन घालायचं. दिवसभरात तुकड्यांनी जी नवी प्रथिनं बनवून बाहेर सोडली त्यांतच ती खूण असणार. रक्तातून आलेल्या जुन्या प्रथिनांत नाही. मग जेलवर एका दिशेनं विद्युतभारानुसार, दुसऱ्या दिशेनं वजनानुसार पसरवायचं आणि वर फिल्म ठेवायची. जे ठिपके उमटतील ते अस्तराचे स्वतःचे. गर्भही असाच बशीत वाढवून त्याची प्रथिनं वेगळी पाहता येतात. आता वस्तुमान वर्णपटामुळे (मास स्पेक्ट्रोमेट्री) एका नमुन्यात शेकडो प्रथिनं ओळखू येतात, पण 'कुणी बनवलं' हा प्रश्न अजूनही अशाच युक्त्या मागतो.

या ठिपक्यांतून एक गोष्ट कळली जी मला अजून विलक्षण वाटते. पहिल्या साधारण बारा-तेरा दिवसांत गाभण मादीचा आणि रिकाम्या मादीचा स्राव जवळजवळ सारखाच असतो. अस्तराला माहीतच नसतं आत कुणी आहे की नाही. दर चक्रात ते पूर्ण तयारी करतं. फरक पडतो तो गर्भाचा निरोप सुरू झाल्यावर.

तुम्ही संशोधनात असाल तर मथुरेजवळच्या मखदूमला केंद्रीय शेळी संशोधन संस्था आहे, १९७९ पासूनची. तिथली कामं चाळा. आणि डुकरांकडेही बघा. त्यांच्या गर्भाशयात युटेरोफेरिन नावाचं लोह वाहणारं प्रथिन असतं, ते इतकं असतं की द्राव जांभळा दिसतो.

इतिहासाचा नाद

डुकरावरून आठवलं. रक्ताभिसरणवाला विल्यम हार्वे याच ठिकाणी फसला होता. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या राखीव रानांतल्या हरणी माजाच्या हंगामानंतर तो एकामागून एक चिरून बघत राहिला. आठवडे गेले तरी गर्भाशयात गर्भ म्हणावा असं काही दिसेना. कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे तेवढे दिसले. १६५१ साली त्याचं पुस्तक आलं, त्यात नराच्या बीजाचा गर्भाशयात मागमूस राहत नाही असा त्याचा निष्कर्ष. तो अंड्यासारखा गोल गर्भ शोधत होता बहुतेक.

माळावरची डॉक्टर

आणि ते धागे हाच गर्भ होता! सुरेख आठवण काढलीत. कत्तलखान्यातून आणलेलं शेळीचं गर्भाशय उघडलं तर आजही विद्यार्थी तो दोरा शेंबूड समजून पाण्याखाली धुऊन टाकतात.

कुंपणावरचा

बरं, पटलं. आता खाण्याचं. त्या दुसऱ्या धाग्यावर म्हणत होते की लावणीनंतर खुराक दुप्पट करा. गर्भाला स्राव हवा तर आईला जास्त खायला घालणं बरोबरच ना?

माळावरची डॉक्टर

लावणीच्या आधी दोन-तीन आठवडे खुराक वाढवणं चांगलं. बीजं जास्त सुटतात, उस्मानाबादीसारख्या जुळ्यांच्या जातीत तर नक्की करावं. लावणीनंतर मात्र एकदम दुप्पट नको. भरपूर खाणाऱ्या मादीच्या यकृतातून रक्त जास्त वाहतं आणि यकृत प्रोजेस्टेरॉन भराभर निकामी करतं. मेंढ्यांत लावणीनंतर अति खायला घातल्यावर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन आणि गर्भ टिकण्याचं प्रमाण, दोन्ही घसरलेलं दिसलं आहे.

पण खरं सांगू का, हा धोका पुस्तकात मोठा आणि आपल्या माळावर छोटा. आपल्याकडच्या शेळ्या एप्रिल-मेमध्ये काट्याकुट्यावर जगतात. त्यांना 'अति' कधी मिळतं? आपला प्रश्न उपासमारीचा, उन्हाचा आणि लावणीनंतर दुसऱ्याच दिवशी टेम्पोत कोंबून बाजाराला नेण्याचा. लावणीनंतरचा महिनाभर जे चालू आहे तेच चालू ठेवा : तोच चारा, तीच सावली, तोच कळप. शेवरी, सुबाभूळ, थोडा मकाभरडा, खनिज मिश्रण. जंताचं औषध, लस, लांबची वाहतूक, होईल ते आधी उरका. काही जंतनाशकं या दिवसांत गर्भाला घातक असतात, विशेषतः अल्बेंडाझोल. बाटलीवरचं वाचा.

बार्शीकडचा

अल्बेंडाझोल तर आमच्याकडं सगळ्या कळपाला एकदमच पाजत्यात, कोण गाभण कोण मोकळी बघतंय कुठं.

माळावरची डॉक्टर

ते पाजल्याची तारीख आणि त्या दोन शेळ्यांच्या लावणीची तारीख शेजारी शेजारी लिहून बघा. मला त्यातच जास्त रस आहे.

वऱ्हाडातला

एक शेवटचं. मायी एक बकरी लावल्यावर सहाव्या दिवशीच पुन्हा माजावर आली. हे तर तुमच्या कोणत्याच हिशोबात बसत नाही.

माळावरची डॉक्टर

बसतं. शेळीत पाच-सात दिवसांची छोटी चक्रं होतात, विशेषतः पहिल्यांदा माजावर आलेल्या कोवळ्या माद्यांत आणि बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर चक्र सुरू होताना. पीतपिंड बनतं पण टिकत नाही, लगेच विरतं. गर्भ असला तरी त्याला निरोप द्यायची संधीच नाही, आणि ग्रंथींना पुरेसं प्रोजेस्टेरॉन मिळालेलं नसतं. आता आलेल्या माजावर पुन्हा बोकड दाखवा, आधीची तारीख खोडून नवी लिहा. पुढचं चक्र बहुधा पूर्ण लांबीचं असेल. तेही सहा दिवसांतच आटोपलं तर मात्र तपासायला घेऊन जा. आणि वय किती आहे हो तिचं? वजन?

वऱ्हाडातला

आठ महिन्याची. वजन केलं नाही, वीसच्या खाली असंन.

माळावरची डॉक्टर

मग आत्ता बोकड दाखवू नका. दोन-तीन महिने थांबा, वजन वाढू द्या.